वारा गाळून घ्यायचा

दर रविवारी सकाळी बाबांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वारा काय म्हणतोय?" तब्येत, जावईबापू, नातवाची शाळा हे सगळं मागाहून. श्रीवर्धनच्या बाजूला, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर ज्याची नारळी-पोफळीची वाडी आहे, त्या माणसाला परमुलखाबद्दल आधी एवढंच जाणून घ्यायचं असतं. मुंबईच्या आत्याला मात्र ते हा प्रश्न कधी विचारत नाहीत. "तिच्याकडे पंखा आहे," म्हणतात.

माझ्याकडे पंखा नाही आणि तो लागतही नाही. स्कॉटलंडचा नकाशा उघडून वर वर जात राहिलं की जमीन संपते, पाण्याचा एक पट्टा लागतो आणि त्याच्या पलीकडे कुणी मूठभर कुरमुरे उधळावेत तशी बेटं दिसतात. ती ऑर्कनी. ७० च्या आसपास बेटं, त्यातल्या २० एकांवर वस्ती आणि सगळी मिळून २२ हजारांच्या घरात माणसं. एकीकडे अटलांटिक, दुसरीकडे उत्तर समुद्र, आणि मध्ये वाऱ्याला थोपवेल असं काही म्हणजे काही नाही. नवऱ्याला इथे भरती-ओहोटीच्या प्रवाहातून वीज काढण्याचं काम मिळालं म्हणून २०१८ च्या ऑक्टोबरात आलो. वाटलं होतं, मी कोकणातली मुलगी, मला वाऱ्याचं काय कौतुक! पहिल्याच आठवड्यात गाडीचं दार उघडलं, ते हातातून निसटून पार उलटं गेलं आणि पुन्हा कधी नीट लागलंच नाही. गॅरेजवाल्याने काय झालं हे विचारलंसुद्धा नाही. "गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची," एवढं सांगून बिल हातात दिलं.

ही इथली बाराखडी. एका वेळी गाडीचं एकच दार उघडायचं. कचऱ्याचा डबा दोरीने बांधून ठेवायचा. टॉवेल वाळत घालताना एकाला चार चिमटे. माझा एक गाऊन दोन शेतं ओलांडून काटेरी तारेवर जाऊन बसला होता. शेजारच्यांनी तो घडी करून पिशवीतून आणून दिला आणि त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, ही त्यांची सभ्यता. वारा फारच चढला की बोटी रद्द होतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानातलं दूध, पाव, भाजी संपते. त्यामुळे घरात पीठ, डाळी, तांदूळ कायम भरलेले. हे मात्र मला शिकावं लागलं नाही. आमच्याकडे आगोटीच्या आधी आजी हेच करायची.

वाऱ्याला शिव्या घालून झाल्या की हेही सांगायला हवं की या बेटांची वीज त्याच्यावरच चालते. शेताशेतात पवनचक्क्या आहेत. वर्षभरात ऑर्कनी जितकी वीज वापरते, त्याहून जास्त ती वाऱ्यातून आणि बाकीच्या अशाच साधनांतून बनवते. म्हणजे माझा गाऊन उडवणारा आणि माझी इस्त्री तापवणारा एकच.

इथल्या जुन्या बोलीत वसंताला 'व्होअर' म्हणतात. शब्द नॉर्स, कारण १४६८ पर्यंत ही बेटं नॉर्वेच्या राजाची होती. त्या साली लेकीच्या हुंड्याची रक्कम उभी राहीना, म्हणून राजाने ही बेटं स्कॉटलंडच्या राजाकडे तारण ठेवली आणि ती सोडवणं काही झालं नाही. आमच्याकडे मुंबईची बेटं १६६१ च्या करारात पोर्तुगीज राजकन्येबरोबर आंदण गेली. लग्नाच्या याद्यांत बेटं का घालतात कोण जाणे. मांडव त्यांच्यावर घालत नाहीत, ऋण मात्र त्यांच्यावर काढतात. असो. तर या 'व्होअर'चं मूळ शोधत गेलं की भाषेचे अभ्यासक आपल्या 'वसंता'च्याच घराण्यात पोचतात. घराणं एक असेल, पण भाऊबंदांचे स्वभाव किती वेगळे असावेत! आपला वसंत मोहोर आणि कोकिळा घेऊन येतो. हा येतो तो भांडत.

भांडण ही माझी उपमा नाही, त्यांचीच कथा आहे. समुद्राची एक आई आहे, 'सी मिदर'. उन्हाळाभर तिचं राज्य. हिवाळ्याचा राक्षस टेरन. मार्चमध्ये, दिवस-रात्र सारखी होतात त्या सुमाराला, दोघांची झटापट होते. तिचं नाव 'व्होर टुल्ये', म्हणजे वसंताची लढाई. आठवडा-आठवडा वादळं चालतात, समुद्र उकळतो, शेवटी आई जिंकते आणि टेरनला तळाशी बांधून टाकते. शरद ऋतूत तो पुन्हा सुटतो. मार्चअखेरीला खिडक्यांच्या काचा मिठाने पांढऱ्या झालेल्या असतात आणि छतात कुणीतरी शीळ घालत असतं, तेव्हा ही कथा म्हणजे हवामानाचा अंदाजच वाटतो.

मग एप्रिल येतो आणि फसवतो. डिसेंबरात नऊनंतर उगवून सव्वातीनला मावळणारा सूर्य आता आठवड्याला अर्धा तास जास्त थांबायला लागतो. रस्त्याच्या कडेला पिवळी डॅफोडिल्स झुकून उभी असतात. टिटव्या परततात. हो, टिटव्याच. आपल्या टिटवीची चुलत बहीण, डोक्यावर तुरा असलेली. इथे तिला 'टी-ईक' म्हणतात. ओरडते तसंच नाव, दोन्हीकडे. हे सगळं बघून माणूस कुदळ घेऊन बाहेर पडतो आणि तेव्हा कळतं की वाढला तो फक्त उजेड, उबेचा पत्ता नाही. भर दुपारी नऊ-दहा अंश. त्यात पूर्वेकडून कोरडं वारं सुटलं की माती वरून पांढरी पडते आणि बोटभर खाली बर्फासारखी गार.

पहिल्या वसंतात मी हे सगळं धुडकावून घरामागच्या गुंठाभर जागेत वाफे केले. बाबांची लेक ना! समुद्राच्या बाजूला खांब रोवले, एकाला एक चिकटून फळ्या ठोकल्या आणि सहा फुटांची भिंत उभी केली. तिच्या आड वाटाणा लावला, पालक लावला, घरात वाढवलेली फ्लॉवरची रोपं लावली. भिंतीआड उभं राहिलं की अगदी पायाशी शांत वाटायचं. मी खूश. पण चार पावलं पुढे जिथे रोपं होती, तिथे वारा वरून खाली कोसळत होता. दोन दिवसांत वाटाणा पिळून काढल्यासारखा झाला. फ्लॉवरची रोपं बुंध्याशी गरागरा फिरून फिरून तुटली. तिसऱ्या रात्री भिंतच वाफ्यावर येऊन पडली. उरलेलं तिने चिरडलं.

सकाळी शेजारचे काका आले. त्यांना मी मनातल्या मनातच काका म्हणते. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ अजून अडखळते. आयुष्यभर गुरं सांभाळलेला माणूस. "व्हिट लाइक द डे?" म्हणाले. म्हणजे, काय, कसं काय आज? या प्रश्नाचं उत्तर तब्येतीबद्दल नसतं, हवेबद्दल असतं. मी पडलेल्या भिंतीकडे बोट दाखवलं. काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वाऱ्याला पुरं दार लावलं की तो वरून उडी मारतो आणि आत येऊन आपटतो. त्याला वाट ठेव. फक्त अरुंद ठेव."

मग ते मला त्यांच्या शेताच्या बांधावर घेऊन गेले. दगडावर दगड रचलेला, मातीचुना काही नाही, कमरेएवढा बांध. त्याला ते डाइक म्हणतात. मी बघतच राहिले, कारण हा तर आमचा गडगा! फक्त काळ्या-तांबड्या जांभ्याऐवजी करडे चपटे दगड. फटीफटीतून वारा शीळ घालत आत येत होता, पण येताना त्याचा जोर मेला होता. काकांनी हात धरून मला बांधाच्या आत कुठे कुठे उभं केलं. जवळ, मग लांब, मग आणखी लांब. निम्मा उघडा, निम्मा बंद असा आडोसा असला, तर त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मवाळ राहतो. पुस्तकात हे मी नंतर वाचलं. अंगाला आधी कळलं होतं.

त्या रविवारी बाबांना सगळं सांगितलं. माझी समजूत की ते हळहळतील. ते हसले. "अगं, आजोबांनी आपल्या वाडीला चिऱ्याची भिंत का नाही घातली? पैसे नव्हते म्हणून? खाली गडगा, त्यावर वई, वईत मोगली एरंड आणि अडुळसा, मग केळी, मग पोफळी. वारा चार ठिकाणी गाळून घ्यायचा, चहासारखा. फळ्या कसल्या मारतेस!" लहानपणी त्या वईला दर वर्षी नव्याने काठ्या बांधताना मी सुतळी धरून उभी असायची. इतकी वर्षं वाटत होतं, ते गुरांसाठी आहे.

आता माझ्याकडेही चार पदर आहेत. खाली गुडघाभर गडगा, काकांनी अर्धा लावून दिलेला. त्याच्यामागे जाळी. तिच्यामागे रुगोसा जातीचे रानगुलाब आणि एस्कॅलोनिया, चिवट चकचकीत पानांची, खारं वारं सोसणारी. चौथा पदर विलोच्या काठ्यांचा. विलोची काठी म्हणजे आपल्या शेवग्याची फांदी. जमिनीत खोचली की झालं. मोठं वादळ होऊन गेलं की समुद्राकडची पानं भाजल्यासारखी तपकिरी होतात, म्हणून वारा उतरताच मी नळी घेऊन सगळ्यांना गोड्या पाण्याची आंघोळ घालते. पहिल्यांदा हे करताना मला बघून शाळेची बस थांबली होती. भर पावसात झाडांना पाणी घालणारी बाई त्यांनी पाहिली नसावी.

खताचं मात्र इथे लाडाचं काम आहे. हिवाळी वादळानंतर किनाऱ्यावर समुद्रशेवाळाचे ढीग पडतात, चामड्याच्या पट्ट्यांसारखे. ते आणून वाफ्यावर अंथरायचं, पावसाने मीठ धुतलं जातं, वसंतापर्यंत काळं सोनं तयार. उत्तरेच्या टोकाला नॉर्थ रोनाल्डसे बेटावर तर मेंढ्याच शेवाळ खाऊन जगतात. १८३२ साली बेटाला वळसा घालून गडगा बांधला, तो मेंढ्यांना आत ठेवायला नाही, शेतांबाहेर किनाऱ्यावर ठेवायला. बाबांना हे सांगितलं तर त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या माडांच्या मुळाशी सुकी मासळी आणि खडेमीठच जातं की.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. इथे त्या दिवशी हवा स्वच्छ होती, सकाळी मी बटाट्याला मातीची भर घालत होते. आधी दादाचा मेसेज आला, "जोर वाढतोय." त्यानंतर काहीच नाही. आठ दिवस फोन लागला नाही. लॉकडाऊन, विमानं बंद, जाणं अशक्य. मी इंटरनेटवर उपग्रहाचे फोटो मोठे करून करून आमचं छप्पर शोधत होते. त्या आठ दिवसांत बागेकडे मी फिरकले नाही. बागेला काही झालं नाही, हेही मला तेव्हा सहन होत नव्हतं.

नवव्या दिवशी बाबांचा आवाज आला. "माणसं ठीक आहेत." मग थांबून, "पोफळी उभ्या नाहीत." किनाऱ्यावरच्या सुरूंची रांग आडवी झाली होती, तो आमचा पहिला पदर. पुढे गडगा, वई, केळी कुणाचंच काही चाललं नाही. पोफळी मधूनच मोडल्या, काडेपेटीतल्या काड्या मोडाव्यात तशा. श्रीवर्धनी रोठा सुपारी. आजोबांच्या हातची झाडं. लहानपणी सुपारी उतरवणारा पाडेली एका पोफळीवरून झोका घेऊन दुसऱ्या पोफळीवर जायचा, खाली न उतरता. तो रस्ताच नाहीसा झाला.

हे मी काकांना सांगितलं, गडग्याच्या अलीकडून पलीकडे, सहा फुटांचं अंतर राखून. ते सांत्वनाचं काही बोलले नाहीत. त्यांनी जानेवारी १९५२ ची गोष्ट सांगितली. तेव्हा ते लहान होते. त्या काळी ऑर्कनीत घरोघरी कोंबड्यांचा धंदा होता, अंडी बाहेर जायची. एका पहाटे चक्रीवादळासारखा वारा आला आणि शेतांवरची हजारो लाकडी खुराडी कोंबड्यांसकट उचलून समुद्रात नेली. सकाळी त्यांची आई अंगणात उभी होती आणि अंगणात एकही खुराडं नव्हतं. "मग?" मी विचारलं. "मग दूध काढायची वेळ झाली होती," काका म्हणाले.

त्या पावसाळ्यात बाबांनी सुपारीची रोपं घातली. वय एकाहत्तर. रोठ्याला फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. दादा वैतागला होता, सरळ आंबा लावा, नाहीतर रिसॉर्टवाल्याला द्या म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. बाबांनी मला विचारलं, "तुझ्या त्या काकांकडे झाडं आहेत का गं?"

ऑर्कनीत झाडं नाहीत, असं सगळे सांगतात, आणि बहुतांशी ते खरं आहे. कर्कवॉल या इथल्या मुख्य गावाच्या बाजारपेठेत दुकानांच्या मध्ये सिकॅमोरचं एक जुनं झाड आहे, त्याला गावात नुसतं 'मोठं झाड' म्हणतात. एवढ्यावरून ओळखा. पण हॉय बेटाच्या एका घळीत बेरीडेल नावाचं चिमुकलं मूळचं रान आहे, ब्रिटनमधलं सर्वांत उत्तरेचं. आणि एडविन हॅरल्ड नावाचे एक गृहस्थ होते. १९४८ मध्ये ते एका उघड्या माळावरच्या झोपडीवजा घरात राहायला आले आणि ओढ्याकाठी झाडं लावत सुटले. लावत राहिले, दशकानुदशकं. त्या जागेला आता 'हॅपी व्हॅली' म्हणतात. तिथे मी बाबांना व्हिडिओ कॉल लावून फिरवून आणलं. पानांचा आवाज ऐकून ते गप्प झाले होते. मग म्हणाले, "बाजूला ओढा दिसतोय. पाण्याची सोय बघून जागा धरली हो त्याने."

या वर्षीचा वसंत तसा बराच शहाण्यासारखा वागला. आता माझ्याकडे पॉलिक्रबही आहे. आमच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवर निघालेली युक्ती. सामन माशांच्या पिंजऱ्यांचे जुने पाइप वाकवून कमानी करायच्या, वर कडक पारदर्शक पत्रे. साध्या प्लास्टिकचं हरितगृह इथे एका हिवाळ्यात फाटून जातं, हे टिकतं. नाव आलंय ते 'प्लांटीक्रब' या जुन्या गोष्टीवरून. माळावर दगडी गडग्याची छोटी गोल रिंगणं असत, त्यात केल या कोबीच्या जातीतल्या पालेभाजीची रोपं वाऱ्यापासून जपून वाढवायची आणि मग शेतात न्यायची. माझ्या प्लास्टिकच्या रिंगणात मार्चपासून मेथी आणि कोथिंबीर आहे. गार हवेत कोथिंबीर फुलावर यायची घाई करत नाही, अशी जुडी मला दादरला मिळाली नसती. बाहेर केल. ती पीठ पेरून करते. बटाटे अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे वर करून खिडकीत बसवलेले असतात. काका 'आता' म्हणतील तेव्हा ते जमिनीत जातात. हा मुहूर्त काकांनी कुठल्या पंचांगातून काढलाय ते विचारलं, तर त्यांनी वाकून माती मुठीत घेतली आणि माझ्या हातात दिली.

आणि रुबार्ब. ऑर्कनीत रुबार्ब नाही असं परसू शोधून सापडणार नाही. पडक्या, ओसाड घरांच्या मागेसुद्धा तो दर एप्रिलला उगवतो. लाल देठ आणि वर अळूच्या पानाएवढं रुंद, हिरवंगार पान. पहिल्या वर्षी ते पान बघून माझ्या डोक्यात अळूवडीशिवाय दुसरं काही येईना. बेसन-चिंच-गुळापर्यंत विचार गेला होता. सुदैवाने आधी काकांना विचारलं. पान विषारी, ऑक्झॅलिक आम्ल. खाजऱ्या अळूचंही त्याच कुळातलं दुखणं, पण ते चिंचेने आणि शिजवण्याने आटोक्यात येतं, हे येत नाही. देठ मात्र निर्धोक आणि आंबट. इथे त्याचा साखर घालून मुरंबा करतात. मी त्याचा मेथांबा करते. एक बाटली काकांकडे जाते. ते तो बेअरच्या बॅनॉकला लावून खातात. बेअर म्हणजे इथलं जुनं जव आणि बॅनॉक म्हणजे तव्यावरची जाड भाकरी. मला विचाराल तर थालीपिठाचा कांदा न घातलेला भाऊ. पहिल्या वेळी काकांनी खाल्लं आणि विचारलं, "यात कडू काय आहे?" "मेथी." "कशाला?" याचं उत्तर मला इंग्रजीत देता आलं नाही. मराठीतही आलं नसतं. पुढच्या आठवड्यात रिकामी बाटली धुऊन पुसून गडग्यावर ठेवलेली होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात गुरं बाहेर सोडतात. हिवाळाभर ती गोठ्यात असतात, पाच-सहा महिने. काकांच्या मुलाने फाटक उघडलं तेव्हा आम्ही सगळे गडग्यावर हात टेकून उभे होतो, हा इथला न जाहीर केलेला सणच आहे. आधी एक म्हातारी गाय दारात थांबली, नाक वर करून हुंगली. मग तिच्यामागून सगळी सुटली. टनावारी वजनाच्या त्या गाई मागचे पाय झाडत, शेपट्या उभ्या करून, गोल गोल उधळल्या. कानात वारा शिरलेलं वासरू ही म्हण मी शंभरदा वापरली असेल, खरा अर्थ त्या दिवशी बघितला. माझा मुलगा हसून हसून खाली बसला. काका हसले नाहीत. प्रत्येक गाईचे पाय बघत होते, कोण लंगडतंय का म्हणून.

परवाच्या रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी विलोच्या काठ्या बांधत होते. तिथे साडेबारा वाजले असतील, ते वाडीत होते. नेहमीचा प्रश्न आलाच नाही. फोन त्यांनी वर धरला होता, आधी नुसतं आभाळ, मग झावळ्या, मग पोफळीच्या खोडाला बिलगून बाहेर आलेली, अजून अर्धी मिटलेली फुलोऱ्याची पोय. २०२० नंतर लावलेल्यांतली पहिली. ते काहीतरी सांगत होते, बरंच काही, पण तिकडे दुपारचं खारं वारं भरात होतं आणि इकडे माझंही. स्क्रीनवर फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी ओरडून विचारलं, "किती झाडांना?" त्यांनी कानाला हात लावला. मी बोटांनी आकडा विचारला. त्यांनी तीन बोटं दाखवली, जरा विचार केला आणि चौथं अर्धं वर केलं.